रुखवतात गेलेला रॅक

रॅक ही वस्तू दिसायला अगदी गरीब. दोन उंच लोखंडी खांब, त्यांना वरून खालपर्यंत भोकं, मध्ये आडव्या पट्ट्या, झालं. टेलिफोनची यंत्रं या पट्ट्यांवर एकावर एक चढवायची आणि मागून वायरी ओढायच्या, एवढंच त्याचं काम. तो स्वतः बोलत नाही, वाजत नाही, त्याला वीजसुद्धा लागत नाही. असल्या निरुपद्रवी वस्तूनं एका सभ्य माणसाला अमरावतीपासून अकोल्यापर्यंत तोंड लपवत फिरायला लावावं, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

साल बासष्ट-त्रेसष्टचं असेल. मी टेलिफोन खात्यात सुपरवायझर होतो. म्हणजे तात्पुरता सुपरवायझर होतो. या 'तात्पुरता' शब्दाचा आमच्या हिला, म्हणजे चारुशीलेला, भारी राग. तिच्या माहेरी कोणी विचारलं, 'जावई काय करतात?' आणि मी खरं उत्तर दिलं, की ऐकणाऱ्याला वाटायचं मी दुपारपर्यंत सुपरवायझर असतो आणि नंतर भाजी विकतो. तो शब्द त्या उन्हाळ्यात जाणार होता. ट्रंककॉलची नवी यंत्रं यायची होती, ती बसवण्याची तयारी पाहायला नागपूरहून तपासणीचे साहेब येणार होते, आणि तयारी त्यांच्या मनास आली तर मी पक्का होणार होतो.

तयारी म्हणजे दुसरं काही नव्हतं, रॅक उभा करणं. यंत्रं मागाहून येणार होती. रॅक मालगाडीनं बडनेऱ्याला उतरला, तिथून ऑफिसच्या दारात आला आणि दारातच थांबला. नव्या खोलीचा गिलावा ओला होता, म्हणून बांधकामवाले किल्ली देईनात. जुन्या खोलीचं दार बुटकं, तिथं रॅक नमस्कार घालूनही आत जाईना. मी स्टोअरकीपरकडे गेलो. तो म्हणाला, "यंत्र ठेवायला माझ्याकडे जागा आहे. यंत्र कुठे आहे?"

"यंत्र यायचंय. हा त्याचा सांगाडा आहे."

"सांगाडा घ्यायचा हुकूम नाही," असं म्हणून त्यानं पान लावायला घेतलं.

आमच्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमच्या घराला अंगण आहे ना?" अंगण होतं. नसतं तर आज मी किती सुखी असतो!

आमचं बिऱ्हाड अंबापेठेत होतं. त्याच अंगणात पलीकडच्या बाजूला नत्थुजी भुयार राहत. अंजनगावकडे त्यांचं काळ्या मातीचं वावर होतं, पण पोरीच्या शाळेसाठी त्यांनी अमरावतीत बिऱ्हाड केलेलं. पोरगी शकुन, नुकतीच मॅट्रिक झालेली, आमच्या हिची लाडकी. समोर कमलाकांत वकील. वकिली त्यांनी सोडली होती, पण सल्ला देणं सोडलं नव्हतं.

रॅक घरात उभा राहीना, कारण आमचं माळवद त्याच्यापेक्षा बुटकं होतं. आडवा केला तर स्वयंपाकघराचं दार बंद होई. शेवटी तो अंगणात निंबाला साखळीनं बांधून उभा केला. अख्खी गल्ली पाहायला जमली. वकीलसाहेबांनी त्याला एक फेरी मारली आणि म्हणाले, "हरिहरराव, वस्तू सरकारची, अंगण घरमालकाचं आणि झाड म्युनिसिपालटीचं. यात कबजा कोणाचा, याचा तुम्ही विचार केलाय?" मी केला नव्हता. त्या दुपारपासून मला दुसरा विचार सुचेना.

पुढच्या दिवसांत रॅकनं अंगणात चांगला जम बसवला. वैशाखाचं ऊन, त्यात ते लोखंड असं तापायचं की साखळीचं कुलूप उघडायला मला फडकं घ्यावं लागे. एक दिवस ऑफिसातून आलो तर रॅक पांढरा दिसला. जवळ जाऊन पाहतो तर प्रत्येक भोकात काडी आणि प्रत्येक काडीवर सरगुंडे वाळत घातलेले. सरगुंडे म्हणजे कणकेची काडीला गुंडाळलेली वळी, आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघर करतात. पण ती भारत सरकारच्या मालमत्तेवर कोणी करत नाही.

"अहो, भोकं किती मापात आहेत!" चारुशीला कौतुकानं म्हणाली. "सरकारलाही बायकांची अडचण कळते म्हणायची."

मी कपाळाला हात लावला. पण खरा धक्का पुढे होता, आणि तो नत्थुजींच्या बाजूनं आला.

शकुनचं लग्न ठरलं होतं, अकोल्याच्या महादेवराव गावंड्यांच्या देवमनशी. घर मोठं, शेती मोठी आणि विहीणबाई त्याहून मोठ्या, अशी नत्थुजींची समजूत होती. लग्नाच्या आदल्या दिवशी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, एक गोष्ट बोलू का? नाही म्हनू नका."

"बोला ना."

"पोरीचं रुखवत मांडाचं हाय. तुमचं हे लोखंड एक दिवस द्या. फळ्या टाकतो, वरून शालू टाकतो. अकोल्याच्या लोकायले दिसलं पाह्यजे, का भुयाराची पोट्टी काही रिकामी नाही आली. संध्याकायी परत जाग्यावर."

मी नाही म्हणण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून चारुशीलेचा आवाज आला, "मी कालच हो म्हटलंय त्यांना." मी तोंड मिटलं. आमच्या घरातले अनेक निर्णय मी असेच घेतलेले आहेत.

लग्नाच्या दिवशी मात्र तो रॅक पाहून माझा मलाच अभिमान वाटला. प्रत्येक पट्टीवर फळी, फळीवर शालूची घडी, त्यावर पितळेची घंगाळं, डबे, कुरडयांचे मनोरे, शेवया, विणलेले मोर. खात्याचं नाव असलेली पितळी पट्टी शालूखाली झाकलेली. पाहुणे यायचे, मान वर करायचे आणि वर करूनच ठेवायचे. व्याही महादेवरावांनी तर बोटानं टकटक वाजवून पाहिलं.

"इवाई, हे काय हो? लोखंडी?"

नत्थुजींच्या मिशा वर गेल्या. "पोरीसाठी खास मुंबईहून बनवून आनलं," ते म्हणाले.

मी मागं पंक्तीत वरण वाढत होतो. वरणाची वाटी माझ्या हातातून एका पाहुण्याच्या धोतरावर गेली. पण मी मनाला समजावलं. लग्नघरी माणूस चार गोष्टी वाढवून बोलतोच, त्यानं रॅक काही मुंबईचा होत नाही. पाहुण्याची क्षमा मागितली आणि बादली घेऊन पुढे गेलो.

संध्याकाळी काही पाहुण्यांना एस.टी. स्टँडवर पोचवून घरी आलो, तोवर वरात निघून गेली होती. अंगणात निंब होता. निंबाला साखळी होती. साखळीत काही नव्हतं. मांडव रिकामा, आणि त्याच्या खांबाशी नत्थुजी डोक्याला हात लावून बसलेले.

"साहेब, नेला," ते म्हणाले.

"काय नेला? कोणी?"

"इहीनबाईनं. रुखवतावरचं सारं नवरीसंगच जाते ना. सोता उभी राहून ट्रकात भरून घेतलं त्यायनं. फळ्या बी नेल्या."

"आणि तुम्ही पाहत उभे राहिलात? थांबवलं काहून नाही?" धक्क्यानं माझी भाषासुद्धा बदलली.

"कसं थांबवू साहेब? मुंबईहून बनवून आनला म्हनून चारचौघात बोलून बसलो. अन् पोरगी गाडीत बसून रडून राह्यली होती. त्या टाइमले मी म्हनू का, का थांबा, आधी रॅक उतरवा?"

मी तिथंच मांडवाच्या सतरंजीवर बसलो. तपासणी सोमवारी होती. साहेब येणार, विचारणार, 'रॅक कुठे आहे?' आणि मी सांगणार, 'सासरी गेला.'

कमलाकांत वकील न बोलावता आलेच. सगळं ऐकून त्यांनी डोळे मिटले. "चोरी म्हणाल तर ती नाही, कारण त्यांनी उघड्यावर, वाजंत्री लावून नेला. दान म्हणाल तर तेही नाही, कारण देणाऱ्याचा नव्हता." मग डोळे उघडून आनंदानं म्हणाले, "अपहार मात्र आहे. आणि तो तुमचा आहे, हरिहरराव!" चारुशीला दारात उभी होती. ती आत गेली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला न मागता चहा मिळाला.

लग्न शुक्रवारी झालं होतं. शनिवारी मला रजा मिळाली नाही, म्हणून रविवारी सकाळी मी आणि नत्थुजी एस.टी.नं अकोल्याला निघालो. मूर्तिजापूर आलं. मग त्यांनी माझा हात धरला. "साहेब, थो रॅक आना कसाबी, पन उसना होता म्हनू नका. पोट्टीले जलमभर आयकावं लागंल. बाप खोटा, म्हून पोरगी खोटी." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी नोकरी जाणार होती आणि हा माणूस मलाच गप्प बसायची शपथ घालत होता. आणि मी ती घेतली. एस.टी.त आणखी काय करणार?

गावंड्यांच्या घरी शिरलो आणि दारातच थबकलो. रॅक त्यांच्या उंच ओसरीत मध्यभागी उभा होता. त्यावर रेडिओ होता, पितळी भांडी ओळीनं लावलेली होती, सगळ्यात वर देवाची तसबीर. शालू निघाला होता आणि खात्याची पितळी पट्टी उघडी पडली होती. तिच्यावरची अक्षरं इंग्रजी, त्यामुळे दुर्गाबाईंनी, म्हणजे शकुनच्या सासूबाईंनी, तो मुंबईच्या कारखान्याचा छाप समजून तिला हळदकुंकू वाहिलं होतं. रॅकपुढे गल्लीतल्या बायका बसल्या होत्या.

"या, या! शेजारी ना तुमी?" महादेवरावांनी मला हात धरून रॅकजवळ नेलं. "पाहा, भांड्यायवर नावं घातली होती, याच्यावर नव्हतं. म्हटलं असं कसं? आपल्या लोहाराले बोलावलं अन् घालून घेतलं."

मी वाकून पाहिलं. मधल्या पट्टीवर छिन्नीनं खोल खोदलेलं होतं: 'चि. सौ. शकुन देवमन गावंडे हिस माहेरची भेट.' अक्षर सुरेख होतं. सरकारी रॅकवर नुसता ओरखडा आला तरी आमच्याकडे चौकशी लागते, इथं तर अख्खं माहेर कोरलं होतं.

मी प्रयत्न केला, नाही असं नाही. म्हणालो, "याला एकदा पॉलिश करायला न्यायला हवा."

"पॉलिश अकोल्यात होत नाही काय?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"जरासा वाकलेला वाटतो."

यावर महादेवराव, चांगले धिप्पाड गृहस्थ, वरच्या पट्टीला धरून लोंबकळले. रॅक हलला नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले. एका आजींनी नत्थुजींना विचारलं, "मुंबईचा हाय म्हंते?" आणि हा माणूस, ज्यानं एस.टी.त डोळ्यांत पाणी आणलं होतं, मिशांवरून हात फिरवून म्हणाला, "हो, मुंबईचाच." मला त्याला तिथंच रॅकला बांधावंसं वाटलं.

दुपारी बायका पांगल्या. ओसरीत घरचीच माणसं उरली. शकुन चहा घेऊन आली. डोक्यावरून पदर, गळ्यात सोन्याची एकदाणी, हातात पाटल्या. कप माझ्या हाती देताना तिनं हळूच विचारलं, "काका, तपासनी उद्याच हाय ना?"

तिला सगळं ठाऊक होतंच. रॅक तिच्याच अंगणात उभा होता, सरगुंडे वाळत घालायला तीच तर चारुशीलेला मदत करायची. मी नुसती मान हलवली. तिनं बापाकडे पाहिलं. नत्थुजींनी आपल्या जोड्यांकडे पाहिलं. मग तिनं ट्रे खाली ठेवला.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "हा रॅक माह्या बापाचा नाही. काकाच्या ऑफिसातला हाय. एक दिवसासाठी मागून आनला होता. बाबा बोलून बसले, अन् तुमी भरून आनला. उद्या थो जाग्यावर नसला तं काकाची नोकरी जाते. माह्यावर काय राग काढाचा थो काढा, पन रॅक जाऊ द्या."

लग्न होऊन दोन दिवस झालेली पोरगी, परकं घर, आणि हे असं उभं राहून बोलणं! मला माझी लाज वाटली. दुर्गाबाई उठल्या. त्या आत जातील आणि तिची पेटी बाहेर आणून ठेवतील, असं मला वाटलं. त्या दाराकडे गेल्या, दाराला कडी लावली, परत आल्या आणि शकुनच्या शेजारी भुईवर बसल्या. त्यांनी तिच्या गळ्यातल्या एकदाणीला हात लावला.

"हे माह्या बहिनीची हाय," त्या म्हणाल्या. "लग्नापुरती मागून आनली. पाटल्या बी तिच्याच. तिचा मानूस कालपासून न्याले येऊन बसला हाय परसात. तुह्या अंगावरून उतरव म्हनू कशी, या इचारानं मले झोप नाही दोन रात्री."

आता महादेवराव ओरडले. "म्हंजे? मले तं तू घरची म्हनलं होतं!"

"तुमाले खरं सांगतलं असतं, तं तुमी साऱ्या गावाले सांगतलं असतं."

देवमन, आमचा नवरदेव, इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. त्यानं मनगटावरचं चकचकीत घड्याळ हळूच शर्टाच्या बाहीखाली सरकवलं. त्याला कोणीच काही विचारलं नाही.

शकुननं एकदाणी काढली, पाटल्या काढल्या आणि सासूच्या ओच्यात ठेवल्या. दुर्गाबाईंनी तिच्या रिकाम्या गळ्यावरून हात फिरवला आणि एकदम हसू लागल्या. मग शकुन हसली. मग दोघी रडल्या. नत्थुजी तर सरळ रॅकला कपाळ लावून रडले. मी चहा प्यायलो. थंड झाला होता, पण असा चहा मी पुन्हा प्यायलो नाही.

मला वाटलं, सुटलो. पण दुर्गाबाई डोळे पुसून म्हणाल्या, "घरातलं घरात मिटलं. गल्लीले काय सांगू? साऱ्या अकोल्यानं पाह्यला हा रॅक." त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुमी सरकारी मानूस ना? मंग तुमीच मागा."

तर असं झालं. दाराची कडी काढली. सरकी घेऊन अमरावतीकडे निघालेला एक ट्रक महादेवरावांनी थांबवून घेतला. गल्ली गोळा झाली, आणि मी, एक सुशिक्षित गृहस्थ, कोट घालून, ओसरीच्या पायरीखाली हात जोडून उभा राहिलो. "सरकारला टेलिफोनसाठी असाच रॅक पाहिजे आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "असा दुसरा कुठे नाही. गावंड्यांनी तो द्यावा, अशी सरकारची विनंती आहे."

"जोरानं बोला," मागून एक म्हातारा म्हणाला. "आयकू येत नाही." मी पुन्हा जोरानं विनंती केली.

दुर्गाबाईंनी बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. तो मला जरा जास्तच वाटला. शेवटी सुनेला पुढे घेऊन म्हणाल्या, "माह्या सुनेच्या माहेरची वस्तू हाय. पन सरकारले अडचन असंल तं घेऊन जा. आमी दिला म्हंजे दिला, वापस मांगत नाही." गल्लीनं टाळ्या वाजवल्या. रॅकला कुंकू लावलं, माझ्या हाती नारळ दिला आणि मी सरकीच्या पोत्यांवर, रॅकच्या शेजारी बसून अमरावतीला आलो. आजवर सरकारनं जनतेकडून बरंच काही घेतलं असेल, पण इतकं पाय धरून कधी घेतलं नसेल.

बांधकामवाल्यांनी किल्ली सोमवारी सकाळी दिली आणि साहेब यायच्या आत रॅक नव्या खोलीत उभा राहिला. तपासणीचे साहेब मद्रासकडचे होते, आमच्याशी हिंदी बोलत, पण देवनागरी त्यांना वाचता येत नसे. त्यांनी ओळंबा लावून रॅक सरळ आहे का पाहिलं, बोल्ट हलवून पाहिले आणि मधल्या पट्टीशी येऊन थांबले. बोट अक्षरांवरून फिरवलं. "ये क्या लिखा है?"

मोठ्या साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मला काही थाप सुचली नाही असं नाही. कारखान्याचं नाव आहे म्हटलं असतं तर त्यांना कळलं नसतं. पण आदल्याच दिवशी एक एवढीशी पोरगी माझ्या नोकरीसाठी भर ओसरीत उभी राहून खरं बोलली होती. माझी जीभ वळेना. मी सगळं सांगितलं. निंब, सरगुंडे, रुखवत, एकदाणी, नारळ, सगळं.

साहेबांनी चष्मा काढला. खोलीतल्या एकुलत्या एका स्टुलावर बसले. मग म्हणाले, "लड़की को ससुराल में किसी ने कुछ कहा तो नहीं?"

"नहीं साहब."

"फिर ठीक है." ते उठले. मोठे साहेब घाईघाईनं म्हणाले की कानस लावून अक्षरं आजच घासून टाकतो. "घिसोगे तो रंग जाएगा, जंग लगेगा," साहेब म्हणाले. "रहने दो." पावसाळ्याच्या सुरुवातीला मी पक्का झालो. चारुशीलेनं ही बातमी माहेरी स्वतः जाऊन सांगितली, पत्रावर तिचा भरवसा नव्हता.

यंत्रं आली, बसली, ट्रंककॉल सुरू झाले. दिवाळीच्या सुमारास एक कॉल माझ्या नावानं आला, अकोल्याहून, कापसाच्या बाजारातल्या एका अडत दुकानातून. मी कानाला लावला आणि लगेच लांब धरला. दुर्गाबाईंचा टेलिफोनवर विश्वास नव्हता, त्या आवाज थेट अमरावतीपर्यंत पोचेल अशाच बोलत होत्या.

"साहेब, आमच्या सुनेचं नाव हाय ना जाग्यावर?"

"आहे, बाई."

"पाहून सांगता का असंच म्हंता? ती इथंच उभी हाय. तिले वाटते सरकारनं पुसलं असंल."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला, आतल्या खोलीत गेलो आणि यंत्रांच्या मधून हात घातला. अक्षरं बोटांना लागली. परत येऊन म्हणालो, "हात लावून आलो. शाबूत आहे."

पलीकडे त्यांनी ते शकुनला सांगितलेलं मला ऐकू आलं, आणि शकुनचं हसणंही. मग दुर्गाबाई पुन्हा फोनवर आल्या.

"सांभाळून वापरा बरं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरची वस्तू हाय."

आणि मी, भारत सरकारचा पक्का सुपरवायझर, खुर्चीवरून उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "हो, बाई."